टिक-टिक की टक-टक

नवी गाडी घेणाऱ्यांकडे फोटो असतात. जुनी गाडी चालवणाऱ्यांकडे किस्से असतात, आणि ते जमवायला वेगळी मेहनत लागत नाही. आमची पिकअप जुनी आहे. दुर्गजवळच्या रिसालीत मी घरून लग्नाबारशाच्या जेवणाच्या ऑर्डरी करते, पाटवड्या, वडाभात, पुरणपोळ्या. आमचे हे स्टील प्लांटमधून क्लार्क म्हणून रिटायर झाले तेव्हापासून जेवणाची भांडी पिकअपमध्ये टाकून हॉलवर पोचवतात. मागच्या हिवाळ्यात तिच्या इंजिनातून आवाज यायला लागला आणि आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही.

*

सकाळी गाडी सुरू केली की बारीक टिक-टिक. इंजिन तापलं की आवाज बंद. हे म्हणाले, "तुया झाऱ्यांचा आवाज हाय तो." मी जुन्या साड्या काढल्या आणि एकेक भांडं गुंडाळलं. कढई काठापदराची नेसून मागे बसली. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तर आवाज होताच. मग मी रिकामी गाडी सुरू करून दाखवली, तेव्हा कुठे माझे झारे सुटले.

*

कॅम्प-1 वस्तीतल्या साहूजींच्या गॅरेजला फोन लावला. आमच्या पिकअपचं सगळं तेच पाहतात. त्यांनी विचारलं, आवाज कसा येतो? मी सांगितलं, टिक-टिक. यांनी फोन ओढून घेतला आणि म्हणाले, टक-टक. मी म्हटलं, कान तपासून घ्या. हे म्हणाले, इंजिन कोण चालवतं, तू की मी? साहूजींनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पहले आप दोनों तय कर लो, फिर गाड़ी ले आना."

*

माझे सासरे, मामाजी, रेल्वेतून रिटायर झालेले. कानाला मशीन लावतात. त्यांना गाडीत बसवून विचारलं, येते का आवाज? त्यांनी मान डोलावली, मग मशीन काढून खिशात टाकली आणि पुन्हा नीट बसून ऐकलं.

"आता नाही येऊन राहिला," ते यांना म्हणाले. "तू कावून टेन्शन घेतं?"

*

टेन्शनचं कारण होतं. रस्त्यातल्या एका दुसऱ्या मेकॅनिकनं इंजिन गेलं म्हणून सांगितलं होतं, भंगारात काढा म्हणाला होता. समोर दुर्गच्या लग्नाची मोठी ऑर्डर. गाडी गेली तर धंदाच गेला. हे दोन घास खाऊन ताटावरून उठायला लागले.

शेवटी गाडी गॅरेजला नेली. साहूजींनी आधी इंजेक्टरवर संशय घेतला, तो बदलला, आवाज जसाच्या तसा. "मैं गलत था," त्यांनी सरळ सांगून टाकलं. शेजारच्या डॉक्टरीणबाई आमच्यासोबत आल्या होत्या. त्यांनी पर्समधून स्टेथोस्कोप काढला. साहूजी लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकत होते, बाई नळी लावून. दोघं सरकत सरकत एकाच जागी थांबले.

बाई यांना म्हणाल्या, "भाऊ, हार्ट चांगलं आहे. एक व्हॉल्व्ह कुरकुर करतोय फक्त."

*

इंजिनाचं वरचं झाकण उघडलं तर आत डांबरासारखा काळा चिकटा. व्हॉल्व्हला धक्का देणारा एक छोटा पुर्जा असतो, लिफ्टर. त्याच्या पोटात तेलाचा दाब राहिला तर तो आवाज करत नाही. साहूजींनी एकेक लिफ्टर अंगठ्यानं दाबला. सगळे टणक, एक मात्र पिकल्या पेरूसारखा दबला. त्यांनी तेल कोणतं टाकता म्हणून विचारलं. हे म्हणाले, कधी हे, कधी ते, जो जे सांगेल ते.

साहूजी माझ्याकडे वळले. "भाभी, आप सब्जी में ऐसे ही तेल डालती हो क्या?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी नवीन लिफ्टर, नवीन तेल, नवीन फिल्टर, सगळ्याला लगेच हो म्हटलं.

*

सगळं बसवून चावी फिरवली तर पुन्हा टिक-टिक. यांचा चेहरा उतरला. साहूजींनी हात वर केला, थांबा, तेल चढू द्या म्हणाले. आम्ही सगळे बोनेटकडे पाहत उभे. आवाज बारीक झाला, अजून बारीक झाला आणि गेला. हे तिथेच टायरवर बसले आणि म्हणाले, "मले भूक लागली." मग समोरच्या टपरीवर पोहे संपेपर्यंत पोहे खाल्ले.

*

दुर्गचं लग्न नीट पार पडलं. जेवण पुरलं, नावाजलं गेलं. दुपारी रिकामी भांडी घेऊन आम्ही दोघं परत निघालो. थोडं पुढे गेल्यावर यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू गाते?"

माझ्या आईचं एक जुनं गाणं होतं, मी आपली खिडकीबाहेर पाहत गुणगुणत होते. मी म्हटलं, "रोजच तं गाते, तुमच्या बाजूले बसून. तुमचा कान इंजिनात राह्यते."

रिसालीचं वळण आलं. गाडी वळली नाही, सरळ निघाली. मी विचारलं, घर मागे राहिलं, कुठे चाललो आपण?

"कुठी नाही," हे म्हणाले. "तू गात राह्य."