कोपीतले पाच पांडव

ताकात शिजणाऱ्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस वास आला की मला लातूरजवळचं मावशीचं शेत आठवतं. एका वर्षी वेळ अमावस्येच्या सणाला, शेतातल्या पूजेसाठी, मी आयर्लंडहून आलेल्या पाहुणीला तिकडे नेलं होतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडले होते, म्हणजे आमचे पांडव, आणि भोवती हरभरा ऐन घाट्यात होता. पाहुणी दगडांपुढे डोळे मिटून बसली. म्हणाली, "ही चंद्रदेवीची पूजा. आमचे पूर्वजही अशीच करायचे." मी ते मराठीत सांगितलं, तशी मावशी आंबिलीचं मडकं डोक्यावरून उतरवत म्हणाली, "देवी कुठली? पांडव हायत की. तिला काय तिच्या आजीनं सांगितलं का?" पाहुणी हसली. आजी तर दर रविवारी चर्चला जायची. हे सगळं तिनं पुस्तकात वाचलं होतं. "घरात आजी असताना पुस्तकाला कशाला इचारलं, म्हन तिला." मला ते सांगवेना. मी म्हटलं, मावशी तुम्हाला जेवायला बोलावतेय. आता मावशी नाही. काल मी आंबील केली, ती मोबाईलवर कुण्या अनोळखी बाईचं बघून. पीठ ताकात किती वेळ ठेवायचं, हे मी मावशीला कधी विचारलंच नव्हतं.