हातातले वजन

काल दुपारी आमच्या ब्रुअरीच्या बारमध्ये एका माणसाने समोर बसलेल्या मित्राच्या तोंडावर बिअरचा ग्लास फोडला. कारण क्षुल्लक होते. "तुझ्या बापाने कधी बिअर पाहिली होती का रे?" असे मन्या, तो मित्र, हसत म्हणाला होता. फेस आणि रक्त टेबलावरून एकत्रच ओघळले.

बिअर बनवण्यात आणि खपवण्यात माझी पन्नाशी उलटली. जाड बुडाचे हे ग्लास मीच निवडले. हाताला वजन जाणवले की गिऱ्हाईक आणखी एक मागवते. त्या वजनाने डोके फुटू शकते, हे माझ्या मनातही आले नव्हते. टाकीत आंबणाऱ्या बिअरचा दाब मी रोज मोजतो, झडप सैल करून तो सोडतो. पिणाऱ्याच्या आत काय कोंडले आहे, हे मी कधी विचारले नाही.

मारणाराच आता मन्याच्या डोळ्यावर रुमाल दाबून रडत होता. "मन्या, शिव्या घाल, पण डोळा उघड रे!"

बऱ्याच वेळाने रक्ताने चिकटलेली पापणी हलली.

"दिसतोयस, नालायका," मन्या पुटपुटला.

काचा वेचताना मला मान वर करवेना.