न आलेल्या मुलीची पाटी

विद्यापीठात सगळे त्यांना पाटीवाले काका म्हणत. आधी वीस वर्षं ते कॉलेजची घंटा वाजवायचे. मग विजेची घंटा आली, आणि त्याच सुमारास विद्यापीठाला आंतरराष्ट्रीय व्हायची हुक्की आली. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना विमानतळावरून घेऊन यायला माणूस हवा होता. काका सहा फूट दोन इंच. गर्दीत पाटी दिसेल, एवढ्या एका गुणावर त्यांची आंतरराष्ट्रीय कक्षात बदली झाली. काकू अजून टोमणा मारतात, "जगाचं स्वागत करता, आणि मी बहिणीकडून आले की दार उघडायला उठत नाही."

काम तसं सोपं. विद्यार्थ्याच्या नावाची लाकडी पाटी रंगवून यायची, ती घेऊन विमानतळाच्या दाराशी उभं राहायचं, विद्यार्थी सापडला की त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि स्वागताची नोंद करायची. घोळ होता पाटीचा. पाटी म्हणजे विद्यापीठाचं सामान, आणि सामान फाटकाबाहेर न्यायचं तर संचालकांच्या सहीचा पास लागतो. संचालक सदानकदा मीटिंगमध्ये.

चार वर्षांपूर्वी या मेल्या पासापायी काका तीन तास खोळंबले. एकोणीस वर्षांची मुलगी, पहिल्यांदाच घर सोडून आलेली. दोन तास वाट बघून ती एकटीच टॅक्सीने निघून गेली, आणि टॅक्सीवाल्याने तिला अख्खं शहर फिरवलं. काकांच्या मनाला ते फार लागलं. पुढे त्यांनी तिच्या खोलीचा नळ दुरुस्त करून दिला, दवाखान्यात तिच्यासाठी रांगेत उभे राहिले, तापात काकूंनी तिला आठ दिवस घरी ठेवून घेतलं. तरी पाटी दिसली की काकांना अपराधी वाटायचं. पाटी मात्र समोरच्या खिळ्यालाच टांगलेली. वापरल्याशिवाय रंग खरवडायचा नाही, असा नियम.

एका मंगळवारी ती मुलगी धापा टाकत कक्षात आली. गुरुवारी सकाळी तिच्या आईच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी तिला आईला भेटायचं होतं. बुधवारी संध्याकाळी पाचचं विमान मिळालं होतं, पण देश सोडायला विद्यापीठाचा निर्गमन दाखला लागतो. संचालकांनी चष्मा लावून कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"दाखला निघत नाही," ते म्हणाले. "तुमच्या स्वागताची नोंदच नाही. म्हणजे तुम्ही अजून आलेल्या नाहीत."

"सर, मी चार वर्षं इथे शिकतेय. मागच्या वर्षी मेडल तुमच्याच हातून घेतलं."

"मेडल परीक्षा विभागाचं. आमच्याकडे फक्त येणं आणि जाणं बघतात. न आलेल्या माणसाला मी जाऊ कसं देणार?"

"मग आता करा ना नोंद."

"मागची तारीख कॉम्प्युटर घेत नाही. आजचीच घेतो. आणि विमानतळाच्या दारासमोर पाटीसकट फोटो लागतो." संचालक माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला पाणी दिलं, आणि घरची आठवण येत असेल तर भरायचा एक फॉर्मही दिला.

काकांनी घरी येऊन सगळं सांगितलं. काकू भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग उद्या आणा की तिला. जायच्या आधी आणा."

कॉम्प्युटरला पुरून उरेल असं डोकं घरातच होतं, आणि ते वर्षानुवर्षं भाजीत वाया चाललं होतं.

बुधवारी पास मागायला गेले तर संचालक कार्यशाळेत. विषय होता, परदेशी विद्यार्थ्यांना आपलेपणा कसा वाटेल. दार आतून बंद, सगळ्यांचे फोन काढून घेतलेले, सुटका सहा वाजता. घड्याळात सव्वादोन. काकांनी नोकरीत कधी टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली, सदऱ्याच्या आत पाठीला लावली, वर कोट घातला आणि ताठ चालत फाटकाकडे निघाले.

"काका, पाठ धरली वाटतं?" वॉचमनने विचारलं.

"चार वर्षं झाली," काका म्हणाले.

विमानतळावर मुलगी बॅग घेऊन उभीच होती. आगमनाच्या दारातून बाहेर यायचं तर आधी आत असायला हवं, आणि आत तर सोडत नाहीत, म्हणून काकांनी तिला लांब ट्रॉल्यांच्या रांगेपाशी पाठवलं आणि स्वतः दाराशी पाटी उंच धरून उभे राहिले. एका टॅक्सीवाल्याला हाताशी धरून त्याच्याकडे फोन दिला. मुलगी बॅग ओढत चालत आली. पाटीवर स्वतःचं नाव बघितलं आणि तिला रडूच फुटलं.

"प्रवास कसा झाला, बाळ?" काकांनी विचारलं. चार वर्षं हे वाक्य त्यांच्या घशात अडकून होतं.

"लांबला जरा, काका," ती म्हणाली.

नियमाप्रमाणे विद्यार्थी प्रसन्न दिसावा लागतो. टॅक्सीवाला वैतागला. "ताई, हसा जरा. आत्ताच तर आलात." तिसऱ्या फोटोत ती हसली. काकांनी फोटो चढवला, आणि कॉम्प्युटरने स्वागताची नोंद आणि निर्गमन दाखला पाच मिनिटांच्या अंतराने आपोआप मंजूर केले. काकांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिच्या फोनवर विद्यापीठाचा निरोप आला: आपलं हार्दिक स्वागत, उद्या सकाळी दहाला परिसर दाखवण्यात येईल, अनुपस्थित राहू नये.

जाताना तिने विचारलं, "काका, पाटी मी नेऊ?"

काकांना सामानाची नोंदवही आठवली. मग ते म्हणाले, "ने. तुझ्याच नावाची आहे."

गुरुवारी सकाळी टेबलावर मेमो: कार्यालयीन पाटी विनापास बाहेर नेल्याबद्दल, आणि ती सध्या कुठे आहे याबद्दल, लेखी खुलासा करावा. काका दुपारपर्यंत मेमोसमोर बसून राहिले. अडीच वाजता मुलीचा फोन आला. आईला आत नेत होते तेव्हा ती पाटी धरून ऑपरेशनच्या दाराशी उभी होती. आईला मराठी अक्षर वाचता येईना. काय लिहिलंय म्हणून तिने विचारलं, आणि लेकीचंच नाव आहे हे कळल्यावर हसत आत गेली. ऑपरेशन नीट झालं होतं. बाहेर आणली तेव्हाही पोरगी पाटी घेऊन तिथेच उभी होती.

काकांनी डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि खुलासा लिहिला: "पाटी येथून चार वर्षं उशिरा निघाली. वेळेत पोहोचली." आणि खाली सही करून दिली.