बॉयलरच्या पूजेचं जोडपं

पत्रिका छापून आल्या त्याच दिवशी गायकवाड माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "साहेब, पत्रिकेतून माझं नाव काढा."

"का? स्पेलिंग चुकलं?"

"न्हाई. नाव बरोबर हाय. पर मी पूजेला बसणार न्हाई."

टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे तसेच दोरीत बांधलेले होते. मी आधी गठ्ठ्यांकडे बघितलं, मग त्याच्याकडे. डोक्यात पहिला विचार आला तो चेअरमनसाहेबांना हे सांगणार कोण, हा. उत्तर अर्थातच समोरच्या आरशात होतं.

मी तेव्हा एका साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर होतो. कारखाना नांदेड-लातूर रस्त्यापासून थोडा आत. नाव सांगण्यात अर्थ नाही, चिमणी आणि चेअरमन सगळीकडे सारखेच असतात. कारखान्याचं पोट म्हणजे बॉयलर. उसाचा चोथा, ज्याला आम्ही बगॅस म्हणतो, तो भट्टीत जळतो. भट्टीत पोलादी ट्यूबा असतात, त्यांच्यातून पाणी फिरतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सगळा कारखाना चालतो. पाण्याची पातळी दाखवणारी एक काचेची नळी असते, गेज ग्लास. तिच्यावर नजर ठेवून बसणारा माणूस म्हणजे बॉयलर अटेंडंट. त्याला सरकारी परीक्षा पास व्हावी लागते. पाणी कमी झालं आणि त्याच्या लक्षात आलं नाही, तर ट्यूबा तापून फुटतात, आणि नशीब फारच वाईट असेल तर सगळा बॉयलर जातो.

संदिपान गायकवाड हा आमचा सगळ्यात जुना अटेंडंट. आदल्या सीझनला पाण्याचा पंप अचानक बंद पडला. गायकवाडने कोणाला न विचारता भट्टीत जाणारा बगॅस बंद केला, भट्टी थंड पाडली आणि मग फोन केला. तो ऑर्डरची वाट बघत बसला असता तर आज हे लिहायला मी नसतो, कारण मी त्या वेळी बॉयलरच्या खालीच उभा होतो.

चेअरमनसाहेबांनी हे लक्षात ठेवलं. सीझनच्या आधी बॉयलर पेटवतात, त्याला अग्निप्रदीपन म्हणतात. मांडव पडतो, गुरुजी येतात, पूजेला एक जोडपं बसतं. दरवर्षी ते जोडपं कुठल्या तरी संचालकाचं. त्या वर्षी वार्षिक सभेत चेअरमनसाहेब माइकवर म्हणाले, "यंदा पूजेचा मान आपल्या गायकवाडचा आन् त्याच्या मालकिणीचा!" टाळ्या पडल्या. त्यांचा हेतू निम्मा प्रेमाचा होता आणि निम्मा निवडणुकीचा. गायकवाड गावाबाहेरच्या वस्तीतला. तिथली मतं बरीच होती. पण प्रेमही खोटं नव्हतं, हे मी सांगतो.

गायकवाड ख्रिस्ती आहे हे मला माहीत होतं, कारण रविवारी सकाळची शिफ्ट तो नेहमी बदलून मागायचा. लोह्याकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची प्रार्थना भरायची. नवरा-बायकोने बऱ्याच वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. नाव बदललं नव्हतं, त्यामुळे बाकी कोणाला पत्ता नव्हता. पूजेच्या दिवशी तो गेज ग्लाससमोर उभा असायचा. तिथल्या माणसाने आरतीला हात जोडले का, हे बघायला कोणी येत नाही.

मी त्याला समोर बसवलं. "गायकवाड, हे बघा. बसायचं तासभर. गुरुजी म्हणतील तिथे पाणी सोडायचं. मनात तुमच्या देवाचं नाव घ्या. आत कोण डोकावतंय?"

"मनात एक आन् हातात एक, तसं न्हाई जमत साहेब."

"परमनंटचं काय?"

हे लोकांना समजावून सांगायला हवं. आमच्याकडे कामगार दोन प्रकारचे, परमनंट आणि सीझनल. सीझनलला गाळप चालू असेपर्यंत काम, मग घरी. पुढच्या सीझनला बोलावणं येईल याची खात्री नाही. गायकवाडचं सगळं आयुष्य सीझनलमध्ये गेलं होतं. त्या वर्षी परमनंटची यादी निघणार होती आणि वयाच्या अटीत बसण्याची त्याची ती शेवटची संधी होती. परमनंट म्हणजे कॉलनीत पक्की खोली, बारा महिने पगार. त्याच्या बायकोचे, कुसुमबाईंचे गुडघे गेले होते, आणि तरीही कारखाना बंद असला की त्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या.

"घरी इचारतो," तो शेवटी म्हणाला. आवाज पडला होता. मला वाटलं, माणूस हलला.

म्हणून मीच त्यांच्या घरी गेलो. माझा हिशेब साधा होता. दुखणं ज्याचं, शहाणपण त्यालाच आधी सुचतं. कुसुमबाई भिंतीला धरून उठल्या, मला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला निघाल्या. मी त्यांना बसवलं आणि गायकवाडला सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. कॉलनीतल्या खोलीत नळ घरात आहे, हेही सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, तुमची पूजा खोटी हाय असं मी म्हणून राहिले का? ज्याची हाय त्यानं मनापासून करावी. आमी उगं बसलो, तर तुमची पूजा बी खोटी झाली आन् आमची प्रार्थना बी."

"पण बाई, तुमचे गुडघे..."

"गुडघे दुखतेत ना. लई दुखतेत. रडू येतंय कदी कदी." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "पर त्यायला मह्या दुखण्याची भीती घालू नका. मघापासून त्यायचं तोंड उतरलंय. ते बसतील मह्यासाठी, मला ठावं हाय. मग आयुष्यभर मह्या तोंडाकडं बघायचे न्हाईत."

गायकवाड दारात उभा होता. तो बाहेर बघत होता. मी चहा न घेता निघालो, आणि गाडीत बसल्यावर मला दोघांचाही राग आला. खरं सांगायचं तर थोडा अजून आहे.

चेअरमनसाहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. मीही होतो.

"तुझ्या बापाला देवळाच्या पायरीवर उभं केलं नव्हतं कुणी," चेअरमनसाहेब म्हणाले. "मी तुला सगळ्यांच्या म्होरं पूजेला बसवून राहिलो. आन् तू मला न्हाई म्हणतो?"

"हाव साहेब. बापाची याद हाय मला. तुमचे उपकार बी इसरणार न्हाई."

"मग कामून न्हाई?"

"मी येशूचा झालो साहेब. आता दुसरीकडं बसता येत न्हाई."

चेअरमनसाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले. मोठा माणूस दुखावला की त्याच्या भोवतीचे लोक रागावायचं काम करतात. पूजेला मग युनियनचे माने आणि त्यांची बायको बसली. पत्रिकेवरचं नाव पेनाने खोडण्यात आमच्या ऑफिसची दोन माणसं दिवसभर गुंतली. गायकवाड नेहमीसारखा गेज ग्लाससमोर उभा राहिला. या वेळी मात्र मांडवातला प्रत्येक माणूस मान वळवून त्याच्याकडे बघत होता.

सीझन नीट सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत बॉयलरची ट्यूब फुटली.

ट्यूब फुटली की भट्टी विझवायची, आतला ताप उतरू द्यायचा, मग माणूस आत शिरून फुटलेली ट्यूब बंद करतो. तोपर्यंत गाळप ठप्प. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते, ऊस वाळतो, वजन घटतं आणि शेतकरी शिव्या घालतात. ट्यूब का फुटली हे मला आत न शिरताच ठाऊक होतं. त्या ओळीतल्या ट्यूबा आतून क्षारांनी भरल्या होत्या आणि झिजल्या होत्या. बदला म्हणून मी दोन उन्हाळे मागे लागलो होतो. मीटिंगमध्ये हे पुन्हा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण या कारणाचं बोट संचालकांकडे जात होतं, म्हणून ते कोणालाच आवडलं नाही.

यार्डात दुसरंच कारण तयार झालं. मान नाकारला, अग्नी कोपला. माने पंचवीसेक कामगार घेऊन आले. मानेही वाईट माणूस नव्हते, पण आपण बसलेल्या पूजेनंतर ट्यूब फुटली याची त्यांना मनातून भीती वाटत असावी. ते म्हणाले, "साहेब, आमचं मागणं लई न्हाई. गायकवाडनं बॉयलरपुढं एक नारळ फोडावा. मग पेटवू. न्हाईतर त्याच्या शिफ्टला कुणी खाली उभा राहणार न्हाई."

चेअरमनसाहेबांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, गायकवाड समोर. "गायकवाड, पूजा सोड. एक नारळ. खाली आपट आन् मोकळा हो. उद्याच्या उद्या परमनंटची ऑर्डर काढतो. ऐकून राहिला ना?"

"हाव साहेब."

"मग?"

"नारळ फोडाय मला काय वाटत न्हाई साहेब. घरी चटणीला फोडतोच की. पर लोक म्हणतेत का देव कोपला, म्हणून फोड. तसा न्हाई फोडता येणार."

मी हात जोडले. खरोखर जोडले, नाटक नव्हे. "अहो गायकवाड, नारळ आहे तो. बाहेर शेतकऱ्यांचा ऊस वाळतोय."

"त्यायचा ऊस ट्यूबीमुळं वाळतोय साहेब," तो म्हणाला. "ते तुमाला बी ठावं हाय."

त्याला बॉयलरवरून काढून यार्डात टाकलं. हातात शिट्टी देऊन गाड्यांची रांग लावायचं काम. नारळ मानेंनी फोडला, एक नाही, अकरा. बॉयलर पेटला. गायकवाड धुळीत उभा राहून शिट्टी वाजवायचा आणि तरणी ड्रायव्हर पोरं त्याला मुद्दाम हॉर्न मारायची. मी खिडकीतून बघायचो आणि दुसरीकडे तोंड करायचो. सीझन अर्धा झाला आणि एके दिवशी तो आला नाही. लातूरला एका तेल मिलमध्ये छोटा बॉयलर होता, तिथे ठेकेदाराकडे लागला, असं नंतर कळलं.

मग त्याच ओळीतली शेजारची ट्यूब फुटली. या वेळी कोणी कोपलं नाही. तातडीची मीटिंग झाली आणि उन्हाळ्यात ट्यूबांची अख्खी ओळ बदलायचं ठरलं.

परमनंटची यादी अजून निघायची होती. मी गायकवाडचं नाव पुन्हा पुढे केलं. चेअरमनसाहेब विचारात पडले. म्हणाले, "घ्या त्याला. नारळ न्हाई, काही न्हाई. पर माझा बी मान ऱ्हायला पाहिजे. त्याला चार लोकांत एवढंच म्हणू द्या का त्या दिवशी ताप होता, म्हणून पूजेला बसलो न्हाई. एवढं म्हणला का ऑर्डर."

मी आनंदाने लातूर गाठलं. एवढ्याशा गोष्टीला कोण नाही म्हणणार? खोली औद्योगिक वसाहतीच्या मागे होती. कुसुमबाई आता खाटेवरच होत्या. गुडघे सुजून टम्म झाले होते. गायकवाड त्यांना शेकत होता. मी सगळं सांगितलं. ताप, फक्त ताप.

त्याने फडकं बाजूला ठेवलं. बायकोकडे बघितलं. या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

"ताप न्हवता साहेब मला," गायकवाड म्हणाला.

"अहो, कोण थर्मामीटर लावून बघणार आहे?"

"ज्यायनं मला इचारलं का तू कामून बसला न्हाई, त्यायला मी येशूचं नाव सांगितलं. आता त्यायलाच म्हणू का ताप होता?"

मी उठलो. दाराशी येऊन त्याने माझे हात धरले आणि तो रडला. त्याला ती नोकरी हवी होती, माझ्या समजुतीपेक्षा फार हवी होती. हे मला त्या दिवशी कळलं.

परतल्यावर चेअरमनसाहेबांनी विचारलं, "काय म्हणला?"

"ताप नव्हता म्हणतो."

त्यांनी यादीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग." यादी निघाली. गायकवाडचं वय त्याच वर्षी अटीबाहेर गेलं. कुसुमबाई पुन्हा चालल्या नाहीत.

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो. मोठ्या मागणीला नाही म्हणणाऱ्याचं लोक निदान कौतुक करतात. म्हणून शहाणे लोक मागणी लहान करत नेतात. आधी पूजा, मग नारळ, मग नुसता ताप. शेवटी ती इतकी लहान होते, की नाही म्हणणारा मूर्ख दिसतो आणि मागणारा दयाळू. लातूरला त्या खोलीत मी दयाळू होतो.