डायनिंगखाली कोणता रग घालू, ताई?

मोशीच्या आमच्या फर्निशिंगच्या दुकानात रग रोज खपतातच असं नाही, किस्से मात्र रोज जमतात. चूक माझीच. डायनिंगचा रग मागायला कुणी आलं की मी पहिला प्रश्न टाकते, "जेवायला किती जण बसता?" कामाचाच प्रश्न आहे हो! खुर्ची मागे ओढली तरी तिचे चारही पाय रगवर राहिले पाहिजेत, म्हणून टेबलाच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त धरायचे. एवढंच. पण "किती जण" म्हटलं की लोक आकडा सांगायचा सोडून घर सांगायला लागतात. मी पण लातूरकडची, सगळं घर तिकडे. ऐकत बसते.

* * *

मारुंजीहून एक जोडपं आलं. दोघंही आयटीत. भाड्याचा वन बीएचके, आणि त्यात सहा खुर्च्यांचं डायनिंग!

"रोज किती जण बसता?"

"दोघं. तेही रविवारी," नवरा म्हणाला.

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, चार खुर्च्या काढून ठेवा, टेबल भिंतीला लावा, लहान रग स्वस्तात बसेल.

बायको घाबरलीच. "नको नको! रोज व्हिडिओ कॉल असतो. खुर्च्या दिसल्या नाहीत तर सासूबाई म्हणतील, आम्हाला बोलवायचंच नाही ह्यांना!"

"मग येतात का त्या?"

"अजून नाही आल्या. पण खुर्ची ठरलीय त्यांची. खिडकीजवळची. तिच्यावर आम्ही कपडेसुद्धा टाकत नाही."

मोठाच रग नेला. बसवायला माणूस गेला, तर दार पूर्ण उघडेना!

* * *

चाकणच्या कंपन्यांत कामाला असलेलं एक जोडपं. लग्नाला आठ महिने. तो फर्स्ट शिफ्टला, ती सेकंड शिफ्टला. सुट्टीचे वारही वेगळे. त्यामुळे रग घ्यायलाही वेगवेगळे आले. ती दुपारी, कामावर जाताना. तो संध्याकाळी, सुटल्यावर.

ती सांगून जायची, "त्यांना लाल दाखवा." तो म्हणायचा, "तिला विचारा, निळा चालेल का?" फोन कंपनीच्या गेटवरच जमा, आणि फोटोत रंग कळत नाही. मग निरोप्या कोण? मी! चार दिवस हेच चाललं. शेवटी निळ्यावर एकमत झालं.

पाचव्या दिवशी ती पैसे द्यायला आली. बिल घेतलं, रग रिक्षात टाकला, आणि परत आत आली.

"ताई, काल ते आले होते ना?"

"आले होते की. निळा पसंत आहे म्हणाले."

"ते नाही हो." ती जवळ सरकली. "मी घरी जाते तेव्हा ते डोक्यावरून चादर घेऊन झोपलेले असतात. दाढी केली होती का त्यांनी?"

* * *

आमच्याकडे मापं घ्यायला सुनंदाताई जातात. कुरुळीच्या जुन्या घरातल्या. त्यांच्या जमिनी गेल्या, तिथे टॉवर झाले. एकदा त्यातल्याच एका टॉवरमध्ये माप घ्यायचं होतं. पहिला मजला. मीही बरोबर होते.

मॅडमनी डायनिंग किचनला चिकटून लावलं होतं. सुनंदाताईंनी टेप काढलाच नाही. खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

"मॅडम, हितं नका बसू जेवायला. त्या कोपऱ्यात घ्या. दुपारचं वारं तिकडनं येतंया."

मॅडमनी टेबल सरकवून बघितलं. खरंच, पंखा बंद असूनही छान झुळूक!

"अय्या! तुम्ही वास्तुशास्त्र शिकलात का?"

"न्हाई ओ," सुनंदाताई टेप उलगडत म्हणाल्या, "खुरपलंय."

* * *

बँकेत ऑफिसर असलेली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. काका पिंपरीच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झालेले. आल्या आल्या "जयभीम" म्हणाले, आणि मांडलेल्या टेबलाशी सरळ जाऊन बसले.

"रिकाम्या खुर्च्यांवर रग कळत नाही. बसा की तुम्ही पण."

मी बसले. सुनंदाताई बसल्या. आमचा अकाउंटंट बसला. काकांनी हात चोळले. "हां! आता बोला, आज भाजी कसली?"

मग कँटीनचं टेबल, तिथले सहा जण, कोण कुणाचं लोणचं पळवायचा, सगळं झालं. अर्धा तास! मुलगी पडद्यांकडे तोंड करून उभी. शेवटी डोळे पुसून वळली.

"बाबा, रग आवडला का?"

"रग ठीकाय गं. ही माणसं घरपोच देतात का विचार!"

* * *

आणि हा चिंचवडचा. पंचविशीतला एक पोरगा तणतणत आला. कोकणातला. घरून काम करायचा.

"वरच्या काकू एकट्याच राहतात. एक वाजला की खुर्ची ओढतात, खर्रर्र! माझी मीटिंग चालू असते. जाड रग द्या. मीच नेऊन घालतो त्यांच्याकडे."

दिला. दोन महिन्यांनी तोच पोरगा, तोच रग खांद्यावर!

"परत घेता का?"

"का? काकूंना आवडला नाही?"

"आवडला. खूप. धुवायला नेतो सांगून आणलाय." रग खांद्यावरून खाली ठेवला. "मी पण एकटाच जेवतो. त्यांची खुर्ची वाजली की डबा उघडायचो. आता कधी उघडायचा तेच कळत नाही."

मी म्हटलं, वापरलेला माल परत घेत नाही. सुनंदाताई मधेच पडल्या, "ऱ्हाऊ दे रं हितंच. धुतो आमी."

चार दिवसांत धुऊन, वाळवून, गुंडाळून तयार. मी पोराला दोनदा फोन केला. "नेतो, नेतो," म्हणाला. आला नाहीच.

पंधरा दिवसांनी एक काकू जिना चढून आल्या. साठी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी. कोपऱ्यात उभा केलेला रग त्यांनी लगेच ओळखला.

"धुऊन झाला वाटतं?"

"कधीच! रिक्षा बोलावू का?"

"अगं नको." काकू घाईघाईने म्हणाल्या. "तो रोज एक वाजता वर येतो. 'काकू, अजून धुतला नाही हो त्यांनी,' एवढं सांगायला. डबा घेऊन येतो."

पिशवीतून त्यांनी एक डबी काढून माझ्या हातात ठेवली. डिंकाचे लाडू.

"फोन करू नकोस त्याला. आणि नीट धुवा गं. सावकाश."