सासूच्या कोपराचा ओटा

माझे भाऊजी मनोहर देवपुजारी हे अतिशय सज्जन गृहस्थ आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगताना माझं डोकं फिरतं आणि मग सांगायचं राहून जातं.

शालिनीताई, म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, लग्न होऊन नागपूरहून भोपाळला आली तेव्हा सोनागिरीतल्या त्या घराचं प्लास्टरसुद्धा ओलं होतं. पाठोपाठ मलाही इथंच दिली, नेहरू नगरात. त्यामुळे ते घर मी पहिल्यापासून बघत आलेय. भाऊजींनी ते बांधताना एकच माणूस मोजला होता, आपली आई, लीलावतीबाई. आणि त्या होत्या ठेंगण्या. त्यांनी हात वर केला की बोटं जिथं पोचतील तिथं दाराची चौकट. हनुवटीला देवघराची फळी. गुडघ्याला कमोड. आणि कोपराच्या चार बोटं खाली स्वयंपाकाचा ओटा.

आमची ताई भाऊजींपेक्षाही बोटभर उंच. लग्नात अंतरपाटाच्या वरून तिनंच आधी त्यांना बघून घेतलं होतं, आणि मला हळूच म्हणाली होती, “बरा आहे गं.” अशी ही उंच बाई त्या ठेंगण्या ओट्यापाशी उभी राहिली ती जन्मभर वाकूनच. लीलावतीबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. घर काही त्यांच्या मापातून बाहेर आलं नाही. ताईची मुलगी स्वरदा हिचं लग्न ठरलं तेव्हा जावई निनाद पहिल्यांदा घरी आला, आणि चौकटीवर असा आदळला की मी ओरडलेच. भाऊजींनी आधी चौकट नीट निरखली, मग जावई. म्हणाले, “चौकट बरोबर आहे.”

हे सगळं भाऊजी नोकरीला होते त्या कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनचं देणं. आयुष्यभर नकाशे काढले आणि एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली, एक माप एकदाच लिहायचं. तेच माप दुसरीकडे लागलं तर पहिल्यावरून काढायचं, पुन्हा लिहायचं नाही. घरातही तेच. पोळीचं माप तव्यावरून, तव्याचं शेगडीवरून, शेगडीचं ओट्यावरून. म्हणजे त्या घरी पाहुणे जी पोळी खातात, ती शेवटी लीलावतीबाईंच्या कोपरातून आलेली असते. एकदा मी पोळी जरा मोठी लाटली तर भाऊजींनी ती ताटात फिरवून फिरवून पाहिली आणि कडेनं कुरतडत बरोबर केली.

रिटायर झाल्यावर माणसं भजनाला जातात, तलावावर फिरायला जातात. यांनी कॉम्प्युटर घेतला आणि अख्खं घर त्यात पुन्हा उभं केलं. पहिल्या स्केचमध्ये आई. रेषांचीच, पण आई. मी एकदा चहा घेऊन गेले तर मला समजावून सांगायला लागले.

“कांचन, हे बघ. आईची उंची मी दिलीय. तिचं कोपर मात्र मी दिलेलं नाही, ते आपोआप आलंय. म्हणून आकडा कंसात दिसतो. कंसातल्या आकड्याला हात लावता येत नाही. पण त्याला नाव देता येतं. मी दिलंय, आई-कोपर. आता ओट्याच्या स्केचमध्ये मी आकडा लिहितच नाही. लिहितो, आई-कोपर वजा चार बोटं. कळलं?”

“कळलं,” मी म्हटलं. “सासूबाई गेल्या, पण कंसात आहेत.”

त्यांना ते फारच आवडलं.

या वर्षी ताईची कंबर गेली. म्हणजे जात होतीच, यंदा तिनं कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, वाकणं बंद करा, नाहीतर ऑपरेशन. मी म्हटलं, स्वयंपाकाला बाई लाव. ताई म्हणाली, “म्हणजे त्या बिचारीची कंबर जाऊ दे?” मग जरा थांबून म्हणाली, “मला बाई नको गं. मला एकदा सरळ उभं राहून पोळी लाटायचीय. या घरात एवढं एकच मागणं आहे माझं.”

मला भडभडून आलं. मी त्याच दुपारी शफीक मिस्त्रीला घेऊन आले. भाऊजी बँकेत गेले होते. म्हटलं, ते यायच्या आत फोडून टाक हा ओटा. शफीकनं ओट्यावरून हात फिरवला आणि दोन पावलं मागे सरला. “ना बाजी ना. बगैर नक्शे के तो मैं साहब के घर में कील भी नईं ठोकूँ.” बिचाऱ्यानं एकदा बाथरूमच्या टाइल्स अंदाजानं लावल्या होत्या. भाऊजींनी त्या प्रेमानं, चहा पाजून, सगळ्या काढायला लावल्या होत्या.

म्हणजे नकाशा हवा. अडला हरी, गाढवाचे पाय धरी! भाऊजी बँकेतून येऊन कॉम्प्युटरसमोर बसले तशी मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. “ओट्याच्या जागी सरळ मोठा आकडा लिहा आणि कागद काढून द्या.”

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू देवघरात चपला घालून गेले. “नुसता आकडा? ना आगा ना पिछा? उद्या कुणी विचारलं, हा कुठून आला, तर काय सांगू?”

“सांगा, बायकोच्या कमरेतून आला.”

“कंबर स्केचमध्ये नाही,” ते म्हणाले. अगदी शांतपणे. कपाळाला हात लावायचा की त्यांच्या डोक्यात चहाची किटली घालायची, मला कळेना. पण ताईच्या दुखण्याचं त्यांनाही वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. रात्री तिच्या कमरेला तेल तेच चोळतात. म्हणाले, “एकच मार्ग आहे. ओटा वाढवायचा तर आई वाढवायला हवी.”

आणि त्यांनी वाढवली हो! उंचीचा आकडा पुसला, नवा टाकला, बटण दाबलं. पडद्यावर लीलावतीबाई उठल्या त्या उठतच गेल्या. जन्मभर स्टुलावर चढून लोणच्याची बरणी काढणारी बाई, आता बरणीकडे वरून बघत होती. ओटा वर आला, ताईनं टाळी वाजवली. पण त्याच्यामागून सगळं घरच निघालं. चौकट छताला टेकली. देवघर खिडकीच्या वर गेलं, गणपती झरोक्यातून शेजाऱ्यांच्या अंगणात डोकवायला लागला. कमोड तर एवढा वर आला की त्यावर बसायला शिडी लागली असती. वरच्या भाडेकरूंच्या पलंगात आमची डब्यांची फळी घुसली.

“भाऊजी, थांबवा!” मी ओरडले.

भाऊजींनी सगळं होतं तसं केलं. आई पुन्हा ठेंगणी झाली. त्यांनी पडद्याला हात जोडले आणि हळूच म्हणाले, “चुकलो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. असल्या माणसाला शिव्या तरी कशा घालायच्या?

तेवढ्यात पितृपक्ष आला. लीलावतीबाईंच्या तिथीला ताईनं कमरेला पट्टा बांधून, त्याच ओट्यावर वाकून, वडे तळले, खीर केली. पान वाढून आम्ही गच्चीवर ठेवलं. भाऊजी म्हणाले, आता आईलाच विचारतो. हात जोडून म्हणाले, “आई, शालिनीसाठी तुझं माप वाढवू का?”

कावळा येईना. एरवी सोनागिरीत कावळ्यांना काय तोटा? वाळवणावर बसून बसून नाकी नऊ आणतात. त्या दिवशी समोरच्या तारेवर सात-आठ बसलेले, एकही हलेना. ऊन चढलं. ताई जिन्याच्या पायरीवर कंबर धरून बसली. शेवटी भाऊजींचा धीर सुटला. म्हणाले, “बरं आई, नाही वाढवत. तुझ्या मापाला हात लावणार नाही. शब्द देतो.”

झालं! कावळा सरळ उतरला आणि वडा घेऊन गेला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय! मी लाख समजावलं. कावळ्याला वड्याचा वास आता आला, भाऊजी! पण ते ऐकतायत कशाला? आईला शब्द दिलेला. आणि खरा कहर म्हणजे ताईसुद्धा म्हणाली, “जाऊ दे गं, त्यांच्या मनाविरुद्ध नको.” मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले. त्याचा काही संबंध नव्हता, पण कुणाशी तरी भांडायलाच हवं होतं.

चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी पोळ्या करतानाच एकदम काहीतरी सुचलं. गॅस बंद केला, रिक्षा केली, आणि तडक भाऊजींसमोर जाऊन उभी राहिले.

“भाऊजी, या तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ताई कुठंय?”

“म्हणजे?”

“आई आहे. गॅसचं सिलिंडर आहे. तुळस आहे. मांजराला यायची खिडकी आहे, म्हणजे मांजरही आलं. ताई दाखवा.”

त्यांनी शोधलं. खरंच शोधलं हो, खोलीखोलीतून, माळ्यावरसुद्धा. मग चष्मा काढून पुसला. “राहिली,” म्हणाले. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आणि मग तोच चेहरा एकदम खुलला. “अगं कांचन! पण मग सोपं आहे की! शालिनीचं नवं स्केच काढायचं. तिचं कोपर आपोआप येईल. ओट्यात आई-कोपरच्या जागी फक्त शालिनी-कोपर लिहायचं. आईला हात लागणार नाही. शब्दही मोडत नाही! शालिनी, अगं ये लवकर!”

ताई आली. तिनं केस नीट केले, पदर सारखा केला, फोटो काढायला उभं राहावं तशी भिंतीला लागून उभी राहिली. मी शफीकला फोन लावून सांगितलं, उद्या सकाळी ये, नक्शा मिळेल. भाऊजी टेप घेऊन गुडघ्यावर बसले. तिचे पाय, तिचे गुडघे, तिचा खांदा, तिचा दंड, एकेक माप घेत, पुटपुटत, जाऊन टाइप करत. ताई लाजत होती. “अहो, गुदगुल्या होतात,” म्हणाली. इतक्या वर्षांत मी त्या दोघांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, जिंकलो.

भाऊजींनी शेवटचं बटण दाबलं. शालिनी-कोपर. कंसात आकडा आला.

त्यांनी तो पाहिला, आईचा पाहिला, पुन्हा तो पाहिला. आणि खुर्चीवरून उडीच मारली. “एकच आहे! कांचन, बघ, एकच! अगदी तंतोतंत! म्हणजे ओटा शालिनीच्याही मापाचाच आहे. फोडायची गरजच नाही. मी म्हणत नव्हतो, घरात चूक नाही म्हणून?”

मला काही समजेना. लीलावतीबाई एवढ्याशा आणि आमची ताई एवढी उंच, मग कोपर एका ठिकाणी येईलच कसं? मी म्हटलं, “पुन्हा मोजा. ताई, नीट सरळ उभी राहा.”

“सरळच उभी आहे गं मी,” ताई म्हणाली.

मी पाहिलं. टाचा भिंतीला टेकलेल्या होत्या. पाठ टेकलेली नव्हती. खांदे पुढे आणि खाली, आणि कोपरं इतकी खाली, जणू समोर अजून तो ओटाच होता.

भाऊजींनीही पाहिलं. टेपची पट्टी त्यांच्या हातातून सुटून डबीत सरकली. ते ताईजवळ गेले, एक तळवा तिच्या छातीवर आणि दुसरा पाठीवर ठेवला, आणि अगदी हलक्या हातानं तिला भिंतीकडे ढकलायला लागले, सरळ करायला लागले.

“अहो, नका,” ताई म्हणाली. “दुखतंय.”