निळ्या दोऱ्याची गाठ

१९७५ साली नागपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक असलेल्या लहानूच्या हाताला तोड नव्हती. पांढऱ्या उंदराचा अडीच दिवसांचा गर्भ म्हणजे जेमतेम आठ पेशी, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. मायक्रोस्कोपखाली काचेच्या बारीक नळीने त्यातली एक सोडवायची, तेलाच्या थेंबाने तिला खूण करायची आणि दुसऱ्या गर्भाला बाहेरून चिकटवायची. भल्याभल्या एम.एस्सी.च्या पोरांचे हात तिथे लटपटत. लहानू पडला कोष्ट्याच्या घरातला, बारीक सूत हाताळणाऱ्यांच्यातला. कौतुक झालं की तो मान खाली घाली. लोक म्हणत, विनयी आहे. कसला विनय! त्याला त्या खुणेची भीती वाटायची.

का, ते सांगतो. लहानू आणि जागेश्वर जुळे, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे. ओळखू यावा म्हणून आई तुळजाबाईने थोरल्या जागेश्वरच्या मनगटाला निळा दोरा बांधलेला. बाप नानाजीने ठरवलं, थोरला मागावर बसेल, धाकटा शाळेत जाईल. जागेश्वरला मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्याची धास्ती होती. शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी त्याने आपला दोरा दातांनी तोडला, मागाखालून तसाच निळा तुकडा उचलला आणि निजलेल्या लहानूच्या मनगटावर बांधला. दुसऱ्या कुणाच्या पोराची गाठ आईने लगेच ओळखली असती. कोष्ट्याच्या पोराला मात्र सहाव्या वर्षी विणकरी गाठ हुबेहूब येते.

म्हणजे आपला हा लहानू मुळातला जागेश्वर. खरा लहानू आठवडाभर ‘मी लहानू आहे’ म्हणून रडला, वर मार खाल्ला. आई जागेश्वर म्हणे, बाप जागेश्वर म्हणे, सगळी गल्ली जागेश्वर म्हणे. दिवाळीपर्यंत तो त्या नावाला ओ देऊ लागला. पुढे नानाजी गेल्यावर धाकटा ठरलेल्या या भावाचं शिक्षणही त्यानेच माग ओढून केलं.

विभागाच्या प्रमुख कुसुमावतीबाईंनी एकदा समजावलं, “या आठही पेशी सारख्याच, लहानू. बाहेर राहिली तिची वार होते, आत राहिली तिचं पिल्लू.”

“तिले कोण सांगते, बाई?”

“शेजारच्या पेशी. कशा सांगतात, ते अजून नीट कळलेलं नाही.”

“अन् मंग परत आत नेली त?”

“चौथ्या दिवसानंतर नाही जमत. तोवर ती बाहेरचीच झालेली असते.”

वार. बाळाला पोसायचं आणि मग परसात पुरून घ्यायचं. त्या दिवसापासून उंदरांच्या खोलीत, भर दुपारी, लहानूला सहा वर्षांच्या पोराचं रडणं ऐकू येऊ लागलं. पिंजरे झाडले, खिडक्या लावल्या, तरी ते थांबेना. खूण केलेली प्रत्येक पेशी त्याला विचारी, मला काहून बाहेर ठेवलं?

त्यातच मागावर झिजलेल्या भावाचा क्षय बळावला, त्याला इस्पितळाच्या वॉर्डात हलवलं. डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवस. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे लहानूला कळत होतं. दुपारी तो खाटेशी बसला. आपल्याहून धाकट्या भावाला तो गेली तीस वर्षं दादा म्हणत होता.

“दादा, तो निळा दोरा मीच बांधला होता तुले.”

“मालूम आहे मले. जागाच होतो मी.”

“मंग हात काहून नाही ओढला गा?”

“मले वाटलं, तू खेळून राहिला.”

लहानूला रडू आवरेना. डोळे पुसत तो म्हणाला, “एकदा तुह्या नावानं हाक मारू काय?”

भावाने मानेनेच हो म्हटलं. लहानूने त्याचा सुकलेला हात धरला आणि हाक मारली, “लहानू.”

भावाचे ओठ हलले. पण त्या नावाला ओ काही फुटली नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, मग दमून डोळे मिटले.

“नाही येत गा आता,” तो म्हणाला. “तूच दे ओ.”

आणि लहानूने ओ दिली.